अश्रु आधीं कीं शोक आधीं?

मनुष्यास शोक होतो म्हणून तो रडतो, ही आपणां सर्वांची समजूत. विल्यम जेम्स या अमेरिकन पंडितानें १८८४ सालीं ‘माइंड’ या त्रैमासिकांत ‘भावना म्हणजे काय?’ असा प्रश्न घालून ही समजूत पार उलटी केली. त्याच्या मतें प्रसंग दिसतांच शरीरांत तत्काळ फेरफार होतात, आणि त्या फेरफारांच्या जाणिवेलाच आपण भावना म्हणतों. आपण रडतों म्हणून दुःखी होतों. थरथरतों म्हणून भितों! पुढच्याच वर्षीं डेन्मार्कमधील कार्ल लांगे यानेंही स्वतंत्रपणें जवळजवळ हेंच मत मांडलें.

या निबंधाचें खरें बळ एका वजाबाकींत आहे. धडधडणारें हृदय, कोरडा पडलेला घसा, गळालेले हातपाय हें सर्व वजा करून पाहा. मग भय म्हणून काय उरतें? केवळ एक थंड विचार. ही वजाबाकी ज्यानें एकदां मनाशीं करून पाहिली, त्यास तिचें उत्तर नाकारतां येणार नाहीं. परंतु तेवढ्यानें जेम्सचा सिद्धांत पुरा होत नाहीं. शरीरावांचून भावना नाहीं, एवढें त्यानें दाखविलें. शरीराची जाणीव हीच भावना, हें त्यानें गृहीत धरलें.

हा कच्चा दुवा हार्वर्डच्या वॉल्टर कॅननने १९२७ सालीं नेमका पकडला. राग असो वा भय असो, हृदय, पोट इत्यादि इंद्रियांतील फेरफार पुष्कळसे सारखेच. मग दोहोंतील भेद कसा कळावा? या इंद्रियांस चेतविणारी मज्जातंतूंची सांखळी काढून टाकलेलीं मांजरेंदेखील भुंकणाऱ्या कुत्र्यासमोर रागाचीं चिन्हें दाखवीत.

नाट्यशास्त्राच्या वाचकास हा आक्षेप अगदींच अनोळखी वाटूं नये. भरतानें अश्रूंची गणना आठ सात्त्विक भावांत केली, आणि त्यांचीं कारणें देतांना शोकाच्या पंक्तीस आनंद, अमर्ष, भय, इतकेंच नव्हे तर धूर आणि अंजनही बसविलें. चुलीपुढील गृहिणीच्या डोळ्यांतील पाणी आणि लेकीस सासरीं पाठविणाऱ्या आईच्या डोळ्यांतील पाणी दिसावयास एकच. त्याचा अर्थ ठरवितो तो विभाव. टीकाकारानेंही हें ध्यानांत ठेवावें. प्रेक्षकांचे रुमाल भिजले एवढ्यावरून नाटकांत करुणरस साधला असें होत नाहीं.

सुखाचीही हीच कथा. १९५४ सालीं मॉन्ट्रियलच्या मॅक्‌गिल विद्यापीठांतील ओल्ड्स आणि मिल्नर यांनीं उंदरांच्या मेंदूंत बारीक तार बसविली. कळ दाबतांच विजेचा सूक्ष्म प्रवाह आंत जाई, आणि उंदीर ती कळ पुनःपुन्हा दाबीत. सुखाचें स्थान सांपडलें, असें अनेकांस वाटलें. परंतु पुढें केंट बेरिज यांच्या संशोधनांतून असें दिसून आलें कीं, एखादी वस्तु हवीशी वाटणें आणि ती गोड लागणें, या मेंदूच्या दोन निराळ्या क्रिया आहेत. कळ दाबणारा उंदीर सुखांत होता कीं नुसत्या हांवेंत, हें ती कळ सांगत नाहीं.

हा वाद केवळ पंडितांचा नव्हे. कारण जेम्सनें आपल्या मतांतून एक उपदेशही काढला आहे. नकोशी भावना जिंकावयाची असेल, तर तिच्या उलट भावनेचे बाह्य आविर्भाव नेटानें करीत जावे, असें तो सांगतो. आळसावर किंवा क्षुल्लक चिडीवर हा उपाय चालेलही. पण ज्या घरांतून मूल नुकतेंच गेलें आहे, तेथील आईस कोणीं ‘जरा हसून पाहा, बरें वाटेल’ असें सांगावें काय? तिचा शोक म्हणजे शरीराचा बिघाड नव्हे. काय गमावलें हें तिला कळलें आहे, आणि तें कळणें खरें आहे.

जेम्सनें भावनेस रक्तमांस दिलें, हें ऋण मोठें आहे. निबंध अवश्य वाचावा. उपदेश मात्र माणूस आणि प्रसंग पाहून घ्यावा.