तळघरांतील यंत्रकार

नेव्हिल शूट या इंग्रज कादंबरीकाराची 'ट्रस्टी फ्रॉम द टूलरूम' ही कादंबरी १९६० सालीं, लेखकाच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाली. याच लेखकाची 'ऑन द बीच' ही जगाच्या अंताची कथा पुष्कळांस ठाऊक असेल. तिच्या मानानें प्रस्तुत कादंबरीचा विषय फारच लहान वाटतो. तिचा नायक कीथ स्टुअर्ट हा लंडनच्या पश्चिमेस ईलिंग या उपनगरांत राहणारा बेताच्या मिळकतीचा मनुष्य आहे. घराच्या तळघरांत लेथ मांडून तो चिमुकलीं एंजिनें घडवितो आणि तीं कशीं घडवावीं याविषयीं एका साप्ताहिकांत लेख लिहितो. या एंजिनांनीं पाणी उपसलें जात नाहीं, कीं दळण दळलें जात नाहीं. अशा निरुपयोगी कारागिरींत मुरलेल्या मनुष्यास कादंबरीचा नायक करावा काय, आणि केल्यास तो वाचकाच्या आदरास पात्र कसा व्हावा, हा या पुस्तकाचा खरा प्रश्न आहे.

हा छंद इंग्लंडांत पोरखेळ समजला जात नाहीं. 'मॉडेल एंजिनियर' हें त्याला वाहिलेलें नियतकालिक १८९८ सालीं निघालें. त्यांत एडगर वेस्टबरी यांनीं अनेक वर्षें लहान पेट्रोल एंजिनांचे आराखडे कृतीसह दिले. स्टुअर्टचें पात्र त्यांच्यावरूनच बेतलें, अशी या छंदांतील मंडळींची समजूत आहे. वेस्टबरींच्या 'किवी' नांवाच्या एंजिनाचें आकारमान १५ घनसेंटीमीटर, म्हणजे चहाच्या तीन चमच्यांएवढें! परंतु मोठें एंजिन सर्व बाजूंनीं सारखें आटविलें कीं लहान एंजिन तयार होतें, असें मात्र नाहीं. लांबीरुंदी निम्मी केली कीं घनफळ अष्टमांश होतें, पण पृष्ठभाग चतुर्थांशच होतो. त्यामुळें आंतील उष्णता भिंतींवाटे त्या मानानें दुप्पट वेगानें निसटूं पाहते. पेट्रोलचे कण आणि हवेचे रेणु तर कोणाच्याच आराखड्याप्रमाणें लहान होत नाहींत. म्हणून प्रत्येक भागाचा विचार नव्यानें करावा लागतो. ओतीव बिडाचा ठोकळा लेथवर धरून सिलिंडरचें भोक कोरावयाचें, पोलादाच्या अखंड कांबींतून क्रँकशाफ्ट काढावयाचा, दट्ट्या भोकांत असा बसवावयाचा कीं तो सैलहि नको आणि अडकतांहि कामा नये. हा सारा हिशेब इंचाच्या हजारांशांचा. सुताराच्या कामांत चुकीला पाचर मारून वेळ निभावून नेतां येते. येथें एकदां जास्त कापलेला धातु पुन्हा चिकटविण्याची सोय नाहीं.

शूटला हें जग आंतून ठाऊक होतें. आर-१०० या अवाढव्य हवाई जहाजाच्या गणितांत त्याची हयातींतील उमेदीचीं वर्षें गेलीं, आणि स्वतःचा लेथ त्यानें हौसेनें चालविला. म्हणूनच यंत्रासंबंधीं त्याच्या लिखाणांत उसना पांडित्याचा वास कोठेंहि येत नाहीं.

कथानक थोडक्यांत असें : कीथची बहीण व तिचा पति स्वतःच्या नौकेंतून जगाच्या दुसऱ्या टोकास निघतात आणि ताहितीच्या बाजूच्या एका प्रवाळखडकावर नौका फुटून दोघेंहि मरतात. त्यांची लहान मुलगी जेनिस कीथच्या पदरीं येते. तिचें सारें धन हिऱ्यांच्या रूपानें त्या फुटक्या नौकेंत अडकलेलें. आणि मृत्युपत्रान्वयें कीथ तिचा विश्वस्त. ज्याच्याजवळ विमानाच्या भाड्याइतकेहि पैसे नाहींत असा हा मनुष्य तें धन आणावयास अर्धें जग ओलांडतो.

तो हें कशाच्या बळावर करतो? त्यानें वर्षानुवर्षें वाचकांच्या पत्रांना दिलेल्या उत्तरांच्या बळावर. कोणाचे आटे बरोबर उतरत नाहींत, कोणाचें चाक डगमगतें, अशा शंका देशोदेशींहून येत आणि हा गृहस्थ प्रत्येकाचें नीट समाधान करी. पुढें प्रसंग पडतो तेव्हां विमानवाला, नाखवा, कारखानदार, ज्याला त्याला कीथचें नांव आधींच ठाऊक असतें. अमेरिकेंतील एक कोट्यधीश लांकूडव्यापारी कीथच्या लेखांवरून काँग्रीव्ह पद्धतीचें घड्याळ बनवीत असतो. या घड्याळांत लंबकाऐवजीं एक लहानशी गोळी तिरक्या तबकडीवरच्या नागमोडी खोबणींतून घरंगळते, टोकास पोंचतांच तबकडी उलट कलते, आणि गोळी परत निघते. लेखांतील एका अवघड जागीं अडलेला हा लक्षाधीश आणि त्याला सोडविणारा फाटक्या कोटाचा लेखक यांचें नातें शूटनें फार गोडीनें रंगविलें आहे. अडाणी खलाशी जॅक डोनेली याला कीथ आपल्या सामानांतलें चिमुकलें पेट्रोल-वीजयंत्र चालवून दाखवितो, तें प्रकरण तर आमच्या मतें सबंध पुस्तकांत सरस आहे. व्याख्यान नाहीं, उपदेश नाहीं. चालतें यंत्र पाहून एक दांडगा मनुष्य लहान मुलासारखा निःशब्द होतो, इतकेंच.

येथवर स्तुति. आतां दोष.

पहिला हा कीं, कीथच्या हातून एकहि तुकडा वांया जातांना आम्हांस दिसत नाहीं. वर सांगितल्याप्रमाणें या कलेचें सारें मर्म नासलेल्या कामांत आहे. तीन दिवस खपून केलेला भाग शेवटच्या फेऱ्यांत किंचित् जास्त कापला गेला म्हणजे तो टाकून नवी कांब लेथवर चढवावी लागते. कारागिराचा स्वभाव त्या क्षणीं घडतो. शूट आपल्याला कीथची कीर्ति दाखवितो, परंतु ती कमावितांनाचा कीथ दाखवीत नाहीं. म्हणून त्याचा सज्जनपणा कांहीं ठिकाणीं जन्मजात देणगीसारखा भासतो. भेटणारीं बहुतेक माणसेंहि इतकीं भलीं, कीं वाचकाला एखाद्या खलपुरुषाची वाट पाहावीशी वाटते.

दुसरा दोष अधिक गंभीर आहे. त्या काळीं ब्रिटिश कायद्यानें देशांतील पैसा मोकळेपणीं बाहेर नेतां येत नव्हता; हिरे लपवून नेण्याचें कारण हेंच. ती पेटी नौकेच्या तळाशीं काँक्रीटमध्यें पुरण्यास कीथचाच हात लागलेला असतो. तो पेटींत नुसते बहिणीचे दागिने समजत होता, हें खरें; पण पुढें सत्य उमगल्यावरहि त्याच्या मनांत फारशी खळबळ होत नाहीं. हजारांश इंचाची कसर ज्याला खपत नाहीं त्याला ही कसर खपते कशी, हा प्रश्न लेखकानें मोकळेपणीं विचारावयास हवा होता. स्वदेशांतील करांना कंटाळून शूट स्वतः १९५० सालीं ऑस्ट्रेलियांत जाऊन राहिला. त्याची सहानुभूति कोणीकडे होती, हें उघड आहे. पण ग्रंथकाराच्या रागानें पात्राची सदसद्विवेकबुद्धि झोंपवूं नये.

कीथची पत्नी केटी दुकानांत नोकरी करून संसारास हातभार लावते, म्हणूनच तळघरांतील लेथ फिरतो. घरांत पोरकी मुलगी आणि नवरा महासागरावर, अशा दिवसांत तिच्या मनांत काय चाललें असेल? त्याला शूटनें जेमतेम कांहीं पानें दिलीं आहेत. आमच्या घरांतील वाचक भगिनींना ही उणीव आमच्याआधीं जाणवेल.

हें पुस्तक मराठींत आणावयाचें झाल्यास भाषांतरकारानें कोशावर विसंबूं नये. शेगडा, कानस, बीड, आटे हे शब्द फिटरांच्या तोंडीं जिवंत आहेत. लेथला लेथच म्हणावें. 'वर्तुळकर्तनयंत्र' असें कांहीं लिहिलें, तर कीथ स्टुअर्टलाच आपलें तळघर ओळखूं यावयाचें नाहीं.