राजुलनं कोणाला विचारलं?

राजुलची गाणी आपण लहानपणापासून ऐकतो. पशूंचा आक्रोश ऐकून लग्नाच्या वाटेवरून परतलेले नेमिकुमार, इकडं रडणारी राजुल, आणि मग त्यांच्या मागं गिरनारची वाट. या गाण्यांत राजुल म्हणजे नुसता विरह. तिच्या डोळ्यांतलं पाणी खळतच नाही. माझी तक्रार इथंच आहे.

‘उत्तराध्ययन सूत्रा’चा २२वा अध्याय वाचून बघा. आगम श्वेतांबरांचा, पण राजुल सगळ्यांचीच. तिथंही ती शोकानं कोसळते, जगण्याचा धिक्कार करते. पण दीक्षा घेणंच बरं, हे तिचं तीच ठरवते आणि आपला केशलोच आपल्या हातानं करते. वासुदेव कृष्णाचा आशीर्वाद येतो तो त्यानंतर. हा क्रम बघा, बायांनो! आपण आधी आशीर्वाद शोधतो, निर्णय मागाहून.

पुढं रैवतक पर्वताच्या वाटेवर पावसात भिजून ती गुहेत शिरते. तिथं नेमिनाथांचाच भाऊ रथनेमी तिला संसारसुखाला बोलावतो. ती भिते, थरथरते. सूत्र हे लपवत नाही. तरी ती त्याला असं सुनावते, की अंकुशानं हत्ती वळावा तसा तो धर्माकडं वळतो. त्या अंधारात ‘बरोबर बोललीस’ म्हणायला कोण होतं?

भीती गेली की ठरवू, असं म्हणणाऱ्या लेकीसुनांना ही राजुल सांगायला हवी. गाणी जरूर म्हणूया, पण गुहेतली राजुल गाळून नको.