गणित विभागातील चर्चासत्र, वार्ता आणि वृत्तिसंधी : एक चिकित्सा

सारांश
महाविद्यालय व विद्यापीठ स्तरावरील गणित विभागाचे सार्वजनिक जीवन प्रामुख्याने तीन रूपांत प्रकट होते : विभागाने भरविलेली चर्चासत्रे, विभागाच्या वार्ता आणि विद्यार्थ्यांसमोर ठेवलेल्या वृत्तिसंधी. प्रस्तुत लेखात या तिन्हींची चिकित्सा ग्रामीण विद्यार्थ्याच्या दृष्टिकोनातून केली आहे. चर्चासत्रातून चर्चा आणि वार्तेतून वेळ वजा झाली की वृत्तिसंधीचा मार्ग आपोआप अरुंद होतो, असे प्रतिपादन येथे केले आहे. त्यासाठी द. रा. काप्रेकर यांच्या कार्याचा दाखला घेतला आहे.

बीजसंज्ञा : चर्चासत्र, गणित विभाग, काप्रेकर स्थिरांक, परिभाषा, वृत्तिसंधी

1. प्रस्तावना
पुणे विद्यापीठाची स्थापना 1949 साली झाली आणि 2014 मध्ये त्याचा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ असा नामविस्तार झाला. या विद्यापीठाच्या कक्षेत पुणे शहराइतकाच अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्यातील कर्जतसारखा अवर्षणप्रवण तालुकाही येतो. राशीन, मिरजगाव, कुळधरण या गावांतून येऊन गणित विषय घेणारा विद्यार्थी अनेकदा आपल्या घरातील पहिलाच पदवीधर असतो. शहरातील विद्यार्थ्याला नातेवाईक, शिकवणी व ग्रंथालये यांतून जे कळते, ते या विद्यार्थ्याला केवळ विभागाकडूनच कळू शकते. म्हणून विभाग काय बोलतो, केव्हा बोलतो व कोणत्या भाषेत बोलतो, हा त्याच्यासाठी आयुष्याच्या दिशेचा प्रश्न ठरतो.

2. माहितीपत्रकाची भाषा
चर्चासत्राचे माहितीपत्रक ही एक संहिता मानून वाचल्यास काही गोष्टी ठळकपणे जाणवतात. विषय बहुधा 'गणितातील अलीकडील प्रवाह' असा असतो. उपविषयांत बीजगणितापासून आलेख सिद्धांतापर्यंत सर्व शाखांची नावे येतात आणि शेवटी 'इतर संबंधित विषय' असा उल्लेख असतो. ज्या विषयात सर्व काही सामावते, त्यात कोणताच प्रश्न उरत नाही. त्यानंतर आश्रयदाते, स्वागत समिती, नोंदणी शुल्क व निबंधाची शब्दमर्यादा यांची माहिती येते. चर्चेसाठी किती वेळ राखला आहे, हे मात्र क्वचितच दिसते.

या रचनेमागील कारणही पाहिले पाहिजे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2010 च्या नियमावलीने अध्यापकाच्या पदोन्नतीसाठी गुणांकन पद्धती आणली आणि आंतरराष्ट्रीय, राष्ट्रीय, राज्य अशा उतरत्या क्रमाने निबंधवाचनाला गुण दिले. 2018 च्या नियमावलीने या पद्धतीत बदल केले, तरी निबंधवाचनाची गणना राहिलीच. परिणामी 'राष्ट्रीय' हे विशेषण विषयाच्या आवाक्याऐवजी गुणांच्या कोष्टकावरून ठरू लागले. यात अध्यापकाचाच दोष आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. जे मोजले जाते तेच वाढते. परंतु उद्घाटन, सत्कार व बीजभाषण यांत दुपार होते, उरलेल्या वेळेत अनेक निबंध घाईने वाचले जातात आणि सत्राध्यक्ष वेळेअभावी प्रश्न टाळतात. सभागृह भरावे म्हणून मागे बसविलेला पदवीचा विद्यार्थी या साऱ्याचा साक्षीदार असतो, सहभागी नसतो.

3. काप्रेकरांचा दाखला
सभा-परिषदांचे महत्त्व नाकारण्याचा येथे हेतू नाही. त्यांचे खरे सामर्थ्य दाखविणारे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. दत्तात्रय रामचंद्र काप्रेकर (1905–1986) यांचा जन्म डहाणूचा. फर्ग्युसन महाविद्यालयात असताना 1927 साली त्यांना रँग्लर परांजपे गणित पारितोषिक मिळाले. पदव्युत्तर शिक्षण त्यांनी घेतले नाही. 1930 ते 1962 या काळात ते देवळाली येथे शाळेत शिक्षक होते. 6174 या संख्येचा गुणधर्म त्यांनी 1949 मध्ये मद्रास येथील गणित परिषदेत मांडला. विद्यापीठात पद नसलेल्या एका शिक्षकाला आपले म्हणणे मांडायला व्यासपीठ मिळाले, ही परिषदेची सार्थकता होय. पुढे 1975 साली मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मधील आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिले आणि त्यांचे नाव जगभर पोहोचले.

हा गुणधर्म सर्वश्रुत आहे. सर्व अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी, अंक उतरत्या व चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करावी आणि हीच कृती पुन्हा करावी. 3524 पासून 3087, 8352 आणि 6174 असा प्रवास होतो. जास्तीत जास्त 7 पायऱ्यांत 6174 येतेच आणि तेथेच थांबते. व्याख्यानात हा चमत्कार सांगून टाळ्या मिळतात. खरे गणित मात्र त्यानंतर सुरू होते. उतरत्या क्रमातील अंक अ, ब, क, ड असतील, तर वजाबाकी 999 (अ–ड) + 90 (ब–क) इतकी येते. म्हणजे उत्तर केवळ दोन फरकांवर अवलंबून असते आणि तपासायच्या शक्यता हजारोंवरून 54 वर येतात. एवढे काम प्रथम वर्षाचा विद्यार्थी वहीत करू शकतो. तीन अंकी संख्यांत 495 येते. दोन अंकी संख्यांत मात्र असा स्थिरांक मिळत नाही. 9, 81, 63, 27, 45 असे चक्र फिरत राहते. असे का, हा प्रश्न फळ्यावर लिहून तासभर सोडला, तरी ते चर्चासत्रच होय.

4. चर्चेचे अन्य आदर्श
असे प्रयोग आपल्याकडे झालेले आहेत. श्रीराम अभ्यंकर (1930–2012) यांनी 1976 साली पुण्यात भास्कराचार्य प्रतिष्ठानची स्थापना केली. बीजीय भूमितीतील जागतिक ख्यातीचे हे गणिती शालेय बीजगणिताच्या सामर्थ्यावर सतत भर देत. प्रा. एस. कुमारेसन यांच्या पुढाकाराने 1993 मध्ये सुरू झालेल्या गणित प्रशिक्षण व प्रतिभाशोध कार्यक्रमात उन्हाळ्यातील सुमारे चार आठवडे विद्यार्थ्याला बोलते करणे हीच अध्यापनाची पद्धत आहे. विद्यार्थी फळ्यापाशी जातो, चुकतो, आणि त्या चुकीतूनच पुढचा प्रश्न उभा राहतो. 1983 साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय उच्च गणित मंडळाचे अर्थसाहाय्य अशा उपक्रमास लाभले आहे. याचा अर्थ, खर्चाची तरतूद व नमुना दोन्ही उपलब्ध आहेत. अनुकरण तेवढे अपुरे आहे.

भाषेचा मुद्दाही येथेच येतो. शाळेत 'संच', 'बहुपदी', 'प्रमेय', 'सिद्धता' हे शब्द आत्मसात केलेला विद्यार्थी महाविद्यालयात आल्यावर त्याच संकल्पना इंग्रजीतून नव्याने ऐकतो. परीक्षा इंग्रजीत असणे समजण्यासारखे आहे. शंकाही इंग्रजीतच विचारली पाहिजे, या संकोचामुळे ती विचारलीच जात नाही. एकोणिसाव्या शतकात केरो लक्ष्मण छत्रे यांच्यासारख्या गणिताध्यापकाने मराठीत पाठ्यपुस्तके लिहिली. काप्रेकरांनी आपल्या संख्यांना 'हर्षद', 'स्वयंभू' अशी नावे दिली. या परंपरेचे वारसदार असलेल्या विभागात प्रश्नोत्तरांचा तास मराठीतून व्हावा, ही अपेक्षा अवाजवी नाही.

5. वार्ता आणि वृत्तिसंधी
विभागाच्या वार्ता बहुधा भूतकाळात लिहिलेल्या असतात : कार्यक्रम संपन्न झाला, मान्यवर उपस्थित होते, आभार मानले गेले. विद्यार्थ्याला हवी असते भविष्यकाळातील वार्ता. गणितातील वृत्तिसंधी मुदतींशी आणि पात्रतेच्या अटींशी घट्ट बांधलेल्या असतात, याचे दोन दाखले पुरेसे आहेत. भारतीय सांख्यिकी सेवेच्या परीक्षेसाठी संख्याशास्त्र हा विषय पदवीला असणे, किंवा त्या विषयात पदव्युत्तर पदवी असणे आवश्यक असते. हे तृतीय वर्षाच्या निरोप समारंभात सांगून उपयोग नाही. विषयांची निवड प्रथम वर्षाच्या प्रवेश अर्जावरच झालेली असते. तसेच राष्ट्रीय पात्रता परीक्षेसाठी खुल्या प्रवर्गाला पदव्युत्तर पदवीत 55 टक्के, तर राखीव प्रवर्गाला 50 टक्के गुण लागतात. पहिल्या सत्रात ही रेषा ठाऊक नसलेला विद्यार्थी निकालानंतर तिची किंमत मोजतो.

2004 पासून होत असलेली 'जॅम' ही प्रवेशपरीक्षा, उच्च गणित मंडळाच्या शिष्यवृत्त्या, विमागणिती व्यवसाय यांनाही हेच लागू पडते. विमागणिती व्यवसायाला तर 2006 च्या कायद्याचे अधिष्ठान आहे, तरीही ग्रामीण भागात त्याचे नावही फारसे पोहोचलेले नाही. नियम बदलल्याची वार्ताही तितकीच महत्त्वाची असते. एम. फिल. ही पदवी आयोगाच्या 2022 च्या नियमांनी बंद झाली. तिच्या आधारे आयुष्याचे गणित मांडणाऱ्यास ही वार्ता वेळेवर मिळणे आवश्यक होते. मार्गदर्शनाच्या व्याख्यानात बहुधा स्पर्धा परीक्षांचाच गौरव होतो. त्या परीक्षांची उपयुक्तता मान्य करूनही असे म्हणावे लागते की, ज्या विषयाचा विभाग आहे, त्या विषयात पुढे जाण्याचा मार्ग विभागाने प्रथम दाखवावा.

6. निष्कर्ष
वरील विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. पहिला, चर्चासत्राचा विषय एका प्रश्नाच्या रूपात असावा आणि निम्मा वेळ प्रश्नोत्तरांसाठी राखावा. दुसरा, वर्षातून एकदा होणाऱ्या मोठ्या समारंभापेक्षा दर आठवड्याला होणारी विद्यार्थ्यांची बैठक अल्पखर्चिक आणि अधिक फलदायी ठरेल. तिसरा, सूचनाफलकावर झालेल्या कार्यक्रमाच्या छायाचित्रांशेजारी पुढील सहा महिन्यांच्या मुदती व पात्रतेच्या अटी लावाव्यात. चौथा, वृत्तिमार्गदर्शन प्रथम वर्षाच्या प्रवेशावेळीच सुरू व्हावे.

यांतील एकाही गोष्टीस मोठ्या अनुदानाची गरज नाही. देवळालीच्या शिक्षकाला कागद, पेन्सिल आणि ऐकून घेणारी एक सभा पुरली होती. कर्जतच्या विद्यार्थ्याकडे कागद व पेन्सिल आहे. ऐकून घेणारी सभा उपलब्ध करून देणे हे विभागाचे दायित्व आहे.