स्टेज म्हणजे निकाल नव्हे

मंडळी, आजचा विषय वैद्यकाचा आणि आम्ही पडलो तत्त्वज्ञानाचे. तेव्हा कुणी कोणता उपचार घ्यावा, हे आम्ही सांगणार नाही. आम्ही फक्त एका शब्दाची चिकित्सा करणार आहोत. तो शब्द म्हणजे 'स्टेज'.

मोठ्या आतड्याच्या किंवा गुदाशयाच्या कॅन्सरचा रिपोर्ट घरी येतो. त्यावर 'स्टेज तीन' लिहिलेलं असतं. मग इथे मोडनिंबला काय किंवा पंढरपूरला काय, पाहुणेमंडळींचा प्रश्न एकच असतो : "आता किती दिवस?" कुणी बाजूला घेऊन सांगतं, "उगीच जमीन विकू नका." ज्याचा आजार आहे, त्याला मात्र कुणी काही विचारतच नाही. रिपोर्टमध्ये असतं ते वर्णन, आणि आपण त्याचा निकाल करून टाकतो. आमची तक्रार आहे ती याबद्दल.

आधी हे वर्णन आलं कुठून ते बघू. 1932 साली लंडनच्या सेंट मार्क्स हॉस्पिटलमधले पॅथॉलॉजिस्ट कथबर्ट ड्यूक्स यांनी गुदाशयाच्या कॅन्सरचे तीन वर्ग केले. रोग भिंतीच्या आत असला तर ए, भिंतीबाहेर गेला तर बी, लसिकाग्रंथींत पोचला तर सी. पुढे 1943 ते 1952 या काळात फ्रान्सच्या पिएर दन्वा यांनी टीएनएम पद्धत आखली. टी म्हणजे मूळ गाठ, एन म्हणजे लसिकाग्रंथी, एम म्हणजे दूरच्या अवयवांतला प्रसार. आतड्याच्या बाबतीत टी म्हणजे गाठीचा आकार नव्हे, ती भिंतीत किती खोल उतरली ते. म्हणजे "गाठ लिंबाएवढी होती" यावरून स्टेज कळत नाही. या तिन्हींची जुळणी करून एक ते चार स्टेज ठरतात.

आता आमचा पहिला आक्षेप. एक, दोन, तीन, चार म्हटलं की डोळ्यांपुढे जिना उभा राहतो. तिसरी पायरी दुसरीपेक्षा वाईटच असणार, असं आपण धरून चालतो. अमेरिकेत 1991 ते 2000 या काळात नोंदल्या गेलेल्या आतड्याच्या कॅन्सरच्या 1,19,363 पेशंटांचा अभ्यास 2004 साली प्रसिद्ध झाला. त्यात 'दोन-बी' या गटातले सुमारे 72 टक्के लोक पाच वर्षं जगले होते, आणि 'तीन-ए' मधले 83 टक्के. म्हणजे तिसरी पायरी दुसरीपेक्षा बरी! कारणं शोधता येतात. 'दोन-बी' मध्ये ग्रंथी मोकळ्या असल्या तरी गाठ पूर्ण भिंत भेदून गेलेली असते. शिवाय तिसऱ्या स्टेजला केमोथेरपी देण्याची रीत तोवर पडली होती. पण मुद्दा असा की जिना ही आपली कल्पना आहे, रोग तिला बांधलेला नाही.

दुसरा आक्षेप नजरेचा. ऑपरेशनमध्ये काढलेल्या भागातल्या निदान 12 ग्रंथी तपासाव्यात, असा संकेत आहे. समजा कुठे पाचच तपासल्या आणि त्या मोकळ्या निघाल्या. रिपोर्ट 'स्टेज दोन' म्हणेल. रोग सहाव्या ग्रंथीत असेल तर? म्हणजे स्टेज ही रोगाइतकीच शोधणाऱ्याच्या कष्टावर ठरते.

यातून एक गंमत घडते. शाळेच्या 'अ' तुकडीत 90, 80 आणि 40 गुणांची मुलं आहेत, सरासरी 70. 'ब' तुकडीत 30, 20 आणि 10, सरासरी 20. चाळीसवाल्याला 'ब' मध्ये बसवा. 'अ' ची सरासरी होते 85, 'ब' ची 25. दोन्ही तुकड्या सुधारल्या, आणि एकाही मुलाचा एक गुण वाढला नाही! बारकाईने तपासणी सुरू झाली की काही पेशंट दुसऱ्या स्टेजमधून तिसरीत जातात आणि दोन्हीकडचे आकडे सुधारलेले दिसतात. अल्व्हन फाइनस्टाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1985 साली याला 'विल रॉजर्स परिणाम' असं नाव दिलं.

तिसरा आक्षेप आमच्या शास्त्रातला. न्यायदर्शनात धुरावरून अग्नीचं अनुमान करतात, कारण त्यामागे व्याप्ती असते : जिथे जिथे धूर तिथे तिथे अग्नी. एक जरी अपवाद निघाला तरी तो हेतू सव्यभिचार ठरतो. 'तिसरी स्टेज, म्हणून हा माणूस जाणार' या अनुमानात व्याप्ती कुठे आहे? शंभरातले इतके जगले, हे विधान शंभरांच्या गटाबद्दल खरं आहे. तुमचा भाऊ त्यातला कितवा, हे ते सांगत नाही.

मग स्टेज टाकाऊ का? मुळीच नाही. केमोथेरपी द्यायची की नाही, हे ठरवायला तिचा मोठा आधार आहे. जिथे ती अपुरी पडते, तिथे नव्या खुणा शोधल्या जातायत. दुसऱ्या स्टेजच्या 455 पेशंटांवरचा ऑस्ट्रेलियातला एक प्रयोग 2022 साली प्रसिद्ध झाला. ऑपरेशननंतर रक्तात गाठीच्या डीएनएचे अंश सापडतात का, ते पाहून केमोथेरपी ठरवली. तेव्हा ती घ्यावी लागणाऱ्यांचं प्रमाण 28 ऐवजी 15 टक्के झालं, आणि दोन वर्षांनंतर रोग उलटण्याच्या बाबतीत तोटा दिसला नाही.

आणि स्टेज गावाचीही असते, हे आपल्या शेजारच्या बार्शीने दाखवलंय. तिथल्या नर्गिस दत्त स्मारक कॅन्सर रुग्णालयात 1987 पासून ग्रामीण कॅन्सर नोंदणी चालते. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरबद्दल गावोगाव माहिती पोचली, तशा बायका लवकरच्या स्टेजला येऊ लागल्या. पण इथेही सावध राहायला हवं. निदान दोन वर्षं आधी झालं आणि मरण ठरल्या दिवशीच आलं, तरी कागदावर आयुष्य दोन वर्षांनी वाढलेलं दिसतं. म्हणून उस्मानाबाद जिल्ह्यातल्या, म्हणजे आताच्या धाराशिवमधल्या 1,31,746 स्त्रियांच्या अभ्यासात मृत्यू मोजले गेले. 2009 साली निष्कर्ष आला : एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीने त्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्मे झाले. आतड्याच्या कॅन्सरबद्दल कुणी मोठे दावे केले, तर त्यांनाही हीच कसोटी लावा.

तेव्हा घरी असा रिपोर्ट आला, तर "किती दिवस?" याच्या आधी तीन प्रश्न विचारा. ग्रंथी किती तपासल्या? ही स्टेज ऑपरेशनच्या आधी स्कॅनवरून ठरवलेली आहे, की नंतर पॅथॉलॉजीवरून? आणि जो टक्का सांगताय, तो कुठल्या देशातल्या, कोणत्या काळातल्या, कोणता उपचार मिळालेल्या लोकांचा? पेशंटची ऐकायची तयारी असेल, तर हे प्रश्न त्याच्यासमोर विचारा. त्याच्या वतीने निकाल ऐकून घेण्याचा अधिकार आपल्याला कुणी दिलेला नाही.