व्रत आणि बंदी : ‘चरनदास चोर’ आणि संप्रदायातील वाचक

धर्मसंप्रदायाने आपल्या अनुयायांच्या वाचनावर मर्यादा घालावी काय, हा प्रश्न साहित्यविचारात बहुधा अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या चर्चेत जमा केला जातो. त्या चर्चेत लेखक आणि शासन हे दोनच पक्ष समोरासमोर उभे राहतात. ज्याच्या वाचनाची चिंता म्हणून हा सारा खटाटोप होतो, तो संप्रदायातील वाचक दृष्टीआड राहतो. रायपूर येथे २००९ साली जे घडले त्याची तुलनात्मक साहित्याच्या दृष्टीने फेरतपासणी करावयाची, ती या वाचकासाठी.

हबीब तन्वीर यांचा जन्म रायपूरचा, १९२३ मधला; निधन ८ जून २००९ रोजी भोपाळ येथे झाले. त्यानंतर सुमारे दोन महिन्यांतच छत्तीसगढ शासनाने त्यांच्या ‘चरनदास चोर’ या नाटकाच्या पुस्तकावर बंदी घातली. शाळांतून साजरा व्हावयाच्या वाचनसप्ताहात या पुस्तकाचा समावेश होता. गुरू घासीदास आणि सतनामी समाज यांच्याविषयीच्या उल्लेखांवर सतनामी धर्मगुरूंनी आक्षेप घेतला आणि शासनाने तो मान्य केला. वस्तुतः १९७५ पासून हे नाटक छत्तीसगढच्या गावोगावी होत आले होते. त्यात सतनाम्यांच्या पंथी गीताचा सूर आहे, गुरुमहिम्याचे गायन आहे, आणि तन्वीरांच्या ‘नया थिएटर’मध्ये सतनामी कलावंतही होते. तीन दशके जे रंगमंचावर चालले, ते मुलांच्या हाती छापील रूपात जाताच आक्षेपार्ह ठरले. या विसंगतीकडे राजकीय सोयीचा भाग म्हणून पाहता येईल, पण तेवढ्याने तिचा उलगडा होत नाही.

प्रथम नाटकाकडे पाहिले पाहिजे. विजयदान देथा यांच्या राजस्थानी लोककथेतून आलेला हा चोर गुरूसमोर थट्टेत चार प्रण करतो : सोन्याच्या ताटात जेवणार नाही, हत्तीवर बसून मिरवणुकीत जाणार नाही, राणीशी लग्न करणार नाही, राजा होणार नाही. चोराला या गोष्टी कधी प्राप्त होणार! म्हणूनच तो त्या सहज सोडून देतो. गुरूने मागितलेला पाचवा प्रण मात्र खरे बोलण्याचा. पुढे एकेक अशक्य गोष्ट त्याच्यापुढे खरोखरच येऊन ठाकते आणि तो एकेक नाकारत जातो. राणीने विवाहाची इच्छा प्रकट केली तरी तो नकार देतो. घडलेले कोणाला सांगू नकोस ही तिची विनंतीही पाळू शकत नाही, आणि प्राणाला मुकतो. गुरूविषयी नाटकाची दृष्टी मुळीच भाबडी नाही. दक्षिणेवर त्याची नजर आहे आणि आपल्या शब्दाचे वजन त्याला स्वतःलाही पुरते ठाऊक नाही. ते कळते शिष्याला.

‘चरनदास चोर’ हे निषेधाविषयीचेच नाटक आहे, असे म्हणावे लागते. स्वतःहून घेतलेला निषेध म्हणजे व्रत. तो माणसाला राणीच्या सत्तेपुढेही ताठ उभा करतो. दुसऱ्याने लादलेला निषेध म्हणजे बंदी. राणीचे ‘सांगू नकोस’ हे त्याचेच रूप आहे. एखाद्या सतनाम्याने हे पुस्तक आपण वाचणार नाही असे ठरविले, तर ते त्याचे व्रत होय आणि त्याबद्दल कोणाची तक्रार असण्याचे कारण नाही. धर्मगुरूंनी तसे आवाहन केले, तरी ते ऐकायचे की नाही हे अनुयायाच्या हाती राहते. परंतु शासनाच्या आदेशाने पुस्तक शाळेतून उचलले गेले की व्रत घेण्याची संधीच उरत नाही. ज्याच्यापुढे सोन्याचे ताट कधी आलेच नाही, त्याने ते नाकारले असे म्हणण्यात काय अर्थ?

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. सतनाम्यांचा संशय निराधार नाही. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात जन्मलेल्या घासीदासांनी मूर्ती, मंदिर आणि जातिभेद नाकारून उभारलेल्या या पंथाविषयी दीर्घकाळ जे लिहिले गेले, ते बहुतांशी इतरांनी लिहिले : इंग्रज अधिकाऱ्यांनी, १८६८ पासून बिश्रामपूर येथे वसलेल्या जर्मन-अमेरिकन मिशनऱ्यांनी, सवर्ण लेखकांनी. अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजाच्या दृष्टीने छापील अक्षर हे बराच काळ अपमानाचेच साधन होते. सौरभ दुबे यांच्या १९९८ मधील सतनामीविषयक अभ्यासात या लिखित आणि मौखिक इतिहासांची गुंतागुंत दिसते. २०२४ साली जैतखांबाच्या विटंबनेनंतर बलौदाबाजार येथे जो उद्रेक झाला, त्यावरून ही जखम किती ओली आहे हे कळते. आक्षेपाची भाषा असहिष्णुतेची वाटली तरी तिच्या तळाशी प्रतिष्ठेची मागणी असू शकते, हे समीक्षेने नाकारू नये.

याच वर्षी, पाच महिने आधी, मराठीत ‘संतसूर्य तुकाराम’चे प्रकरण घडले. आनंद यादव यांची महाबळेश्वरच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी निवड झालेली. कादंबरीतील तुकारामांच्या तारुण्याच्या चित्रणावर वारकरी संघटनांचा संताप. देहू येथे क्षमायाचना, पुस्तक मागे, अध्यक्षपदाचा राजीनामा, आणि मार्च २००९ मधले अध्यक्षाविना पार पडलेले संमेलन. २०१४ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने प्रती नष्ट करण्याचा आदेश दिला. दोन्ही घटना एका मापाने मोजण्याचा मोह होतो, पण त्यांत बलाबलाचा मोठा फरक आहे. वारकरी संप्रदाय मराठी साहित्याच्या केंद्रस्थानी आहे. त्याच्या संतांची थोरवी पाठ्यपुस्तकांतून मान्य झालेली आहे. सतनाम्यांना ते स्थान कधीच लाभले नव्हते. मराठी प्रकरणातला विपर्यास निराळा आहे. ज्या संताची गाथा परंपरेच्या सांगण्यानुसार इंद्रायणीत बुडविण्यात आली, त्याच्याच नावाने ग्रंथ नष्ट करविण्यात आला!

कॅथलिक चर्चने १५५९ ते १९६६ या काळात निषिद्ध ग्रंथांची अधिकृत सूची चालविली. तिच्यात निदान एक प्रामाणिकपणा होता : निषेध आपल्या अनुयायांसाठी आहे हे ती उघड सांगत असे आणि अभ्यासकाला परवानगी देण्याची वाटही ठेवत असे. रायपूर आणि पुणे येथे मात्र अनुयायाच्या भावनेचा हवाला देऊन सर्वांचेच वाचन रोखले गेले. अनुयायाला विचारले कोणी?

ऐकणे आणि वाचणे यांतील भेद येथे निर्णायक ठरतो. पंथीच्या नाचात, कीर्तनात, नाटकाच्या मैदानात श्रोता समूहात असतो. गुरूवरच्या विनोदाला सगळे मिळून हसतात आणि त्या हसण्याला समूहाचेच संरक्षण असते. पुस्तक वाचणारे मूल एकटे असते. त्याच्या मनात काय उमटेल यावर कोणाचीही देखरेख नाही, आणि धर्मसत्तेला नेमकी त्याचीच धास्ती वाटते. २००९ च्या त्या सप्ताहात एखाद्या सतनामी मुलाला आपल्या घरची छत्तीसगढी बोली आणि आपल्या पंथाचे गाणे शाळेच्या पुस्तकात छापलेले आढळले असते. ज्या छापील अक्षराने त्याच्या पूर्वजांची अवहेलना केली, त्याच अक्षरात सत्यापायी मरणारा एक चोर त्याच्यासमोर आला असता, आणि गुरू व शिष्य यांत मोठे कोण हे त्याचे त्याला ठरवावे लागले असते.