बारव, तलाव आणि विवर : बुलढाणा जिल्ह्यातील जलस्थळांच्या रचनेविषयी

भूदृश्यरचनेची आपल्याकडील चर्चा बहुधा उद्यानापासून सुरू होते आणि उद्यानापाशीच संपते. झाडे कोणती लावावीत, वाटा कशा आखाव्यात, कारंजे कोठे असावे, एवढ्या प्रश्नांची उत्तरे मिळाली की मोकळ्या जागेची रचना पूर्ण झाली असे मानले जाते. या दृष्टीने बुलढाणा जिल्ह्याकडे पाहणाऱ्या अभ्यासकाच्या हाती फारसे काही लागणार नाही. परंतु हाच प्रश्न फिरवून विचारला, म्हणजे येथील माणसाने उघड्यावर बसण्याउठण्याची, न्हाण्याची, गुरे पाजण्याची आणि यात्रेसाठी एकत्र येण्याची जागा कशी घडविली असे पाहिले, तर चित्र पालटते. वर्षाचा बहुतेक पाऊस चार महिन्यांत पडून जाणाऱ्या या काळ्या खडकाच्या मुलखात मोकळी जागा ही आधी पाण्याची तजवीज असते व मग शोभेची वस्तू होते. हा क्रम जेथे सांभाळला गेला तेथील रचना शतकानुशतके टिकली. जेथे तो उलटा केला जातो तेथे रचनेला दर उन्हाळ्यात बाहेरून पाणी आणून जगवावे लागते.

या दृष्टीने सिंदखेडराजा हे गाव प्रथम विचारात घ्यावयास हवे. जिजाबाईंचे जन्मस्थान आणि लखुजी जाधवरावांचे ठाणे म्हणून ते महाराष्ट्राला परिचित आहे, आणि त्यामुळेच तेथील वास्तूंचा विचार बहुधा राजवाडा व लखुजींची समाधी यांच्यापुढे सरकत नाही. मोती तलाव, चांदणी तलाव आणि पुतळा बारव यांचा उल्लेख ‘इतर प्रेक्षणीय स्थळे’ म्हणून होतो. वस्तुतः रचनाशास्त्राच्या अभ्यासकाला वाड्याहून अधिक शिकवण्यासारखे या तिघांपाशी आहे. मोती तलावाची दर्शनी बाजू एखाद्या किल्ल्याच्या तटासारखी बांधलेली आहे. पाणी अडविण्यासाठी भिंत लागतेच; पण ती भिंत केवळ मातीचा ढीग न ठेवता तिला दर्शनी रूप देणे, आणि तसे करताना तिचे मूळ काम तसूभरही न सोडणे, यात रचनाकाराची प्रौढी दिसते. चांदणी तलावाच्या मध्यभागी तीन मजली इमारत आहे. तलावाचे पाणी उतरेल तसतशी तिची उंची वाढत गेल्याचा भास व्हावा, हे या रचनेत ओघानेच येते. पाण्याची बदलती पातळी हा येथे दोष ठरत नाही. रचनेने ती गृहीतच धरलेली आहे.

हेच तत्त्व बारवेत अधिक स्पष्टपणे प्रकट होते. मूर्तिशिल्पांनी सजलेली पुतळा बारव कलेतिहासाचे अभ्यासक शिल्पांसाठी पाहतात, आणि ते योग्यही आहे. परंतु बारवेची खरी कल्पकता तिच्या पायऱ्यांत आहे. साधी विहीर पाणी उपसण्यासाठी असते, तर बारव पाण्यापर्यंत उतरण्यासाठी असते. श्रावणात चार पायऱ्या उतरल्या की हाताला पाणी लागते; वैशाखात तेच पाणी वीस पायऱ्या खाली गेलेले असते. जितके खाली जावे तितकी सावली दाट होते व हवा गार लागते. म्हणजे उन्हाची काहिली वाढत जाते तसतशी ही जागा माणसाला अधिकाधिक आत घेते. वर्षभर एकच जागा, पण ऋतूगणिक तिचे आकारमान निराळे, आणि त्यासाठी कोणत्याही यंत्राची वा इंधनाची गरज नाही. आज ‘शाश्वत’ हे विशेषण ज्या सैलपणाने वापरले जाते ते पाहता, त्याचा नेमका अर्थ समजावून घेण्यासाठी बारवेचा छेद कागदावर काढून पाहणे हा विद्यार्थ्यांसाठी उत्तम पाठ ठरेल.

सिंदखेडराजाच्या पूर्वेकडे असलेल्या लोणारचा प्रश्न मात्र याच्या अगदी उलट आहे. तेथे जलाशय माणसाने बांधलेला नाही. उल्कापाताच्या आघाताने अग्निजन्य काळ्या पाषाणात सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर झाले आणि त्याच्या तळाशी खारे, क्षारयुक्त पाणी साचले. विवराच्या वयाविषयी मतभेद आहेत. काही मापनांनुसार ते सुमारे ५२,००० वर्षांचे ठरते, तर २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मापनानुसार सुमारे ५,७०,००० वर्षांचे. रचनेच्या प्रश्नात हा वाद दुय्यम आहे. महत्त्वाची गोष्ट अशी की या सरोवराला बाहेर जाणारी वाट नाही. आत आलेले पाणी केवळ वाफ होऊन जाते आणि त्याच्याबरोबर आलेले सर्व काही तेथेच राहते. तलावावर बांधकाम करणाऱ्याला सांडव्याची सोय असते. लोणारच्या काठावर काम करणाऱ्याला ती नाही.

ही गोष्ट जुन्या बांधकाम करणाऱ्यांना कितपत उमगली होती, हे आज निश्चित सांगणे अवघड आहे. पण त्यांनी मांडलेला स्थळांचा क्रम बोलका आहे. विवराबाहेर, गावात, दैत्यसूदनाचे भव्य मंदिर आहे आणि त्याच गावात लिंबी बारव आहे. काठाच्या ईशान्य अंगाला गोमुखातून पडणारी धार आहे. तिचे पाणी बारमाही, गोडे आणि न्हाण्यापिण्यायोग्य. तेथून वाट खाली उतरते, आणि तळाशी सरोवराच्या काठी कमळजा देवीचे स्थान येते, जेथे नवरात्रात यात्रा भरते. त्याच परिसरात ‘सासू-सुनेची विहीर’ म्हणून ओळखली जाणारी विहीर आहे. तिच्या एका बाजूचे पाणी गोड तर दुसऱ्या बाजूचे खारट लागते, असे लोक सांगतात. (नाते कोणाला अधिक खारट वाटले असावे, हा प्रश्न भूशास्त्राच्या कक्षेत येत नाही.) मोठी वास्तू बाहेर, लहान वास्तू आत; गोड्या पाण्याचा उपयोग वरच्या काठावर आणि खाऱ्या पाण्याचे केवळ दर्शन तळाशी; मोटार वा बैलगाडी वर सोडून पायी उतरण्याचे बंधन. हा आराखडा कोणी एका काळात, एका हाताने आखलेला नाही. तरीही त्याच्यात जी सुसंगती आहे ती पुष्कळशा आखीव प्रकल्पांत आढळत नाही.

तथापि भूतकाळाविषयी भाविक होण्याचे कारण नाही. विवराच्या आत देवळे बांधणे, तेथील झाडी तोडून वाटा काढणे हाही हस्तक्षेपच होता, आणि आजच्या नियमांनी त्यातील एकाही बांधकामाला परवानगी मिळाली नसती. धारेच्या खालच्या सपाटीवर दीर्घकाळ शेतीही होत होती. तो हस्तक्षेप सोसला गेला तो त्याच्या आकारमानामुळे व साधनांमुळे: दगड जागचाच, माणसे पायी येणारी, मैल्याची नळी नाही. काठावरील गाव वाढले तेव्हा हे तिन्ही आधार एकामागून एक ढळले.

२००० साली विवराचा परिसर अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि नोव्हेंबर २०२० मध्ये त्याला रामसर पाणथळ स्थळाचा दर्जा मिळाला. त्याच वर्षीच्या जूनमध्ये पाणी गुलाबी झाल्याने देशभर कुतूहल निर्माण झाले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने त्याचे कारण खाऱ्या पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव असल्याचे दाखविले. पाणी घटले, क्षारता वाढली आणि रंग पालटला. रचनाकाराने यातून घ्यावयाचा बोध रंगाचा नाही, संवेदनशीलतेचा आहे. थोडे पाणी कमी झाले तरी या सरोवराचे जीवन बदलते. तसेच वरून गोडे पाणी वा सांडपाणी अधिक आले तरी ते बदलते. अशा ठिकाणी काठावरची प्रत्येक फरसबंदी, प्रत्येक गटार, प्रत्येक हिरवळ ही सरोवराच्या रसायनात केलेली भर वा वजाबाकी ठरते.

असे असता, पर्यटनस्थळांच्या ‘सुशोभीकरणा’चा जो साचा आज सर्वत्र रूढ आहे त्याचे परीक्षण याच कसोटीवर व्हावयास हवे. साचा परिचित आहे: सिमेंटच्या ठोकळ्यांची फरसबंदी, लोखंडी कठडा, निरीक्षण-मनोरा, विदेशी शोभेची झाडे आणि पाण्यावाचून आठवडाभर न तगणारी हिरवळ. काळ्या मातीवर अशी फरसबंदी पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, हे जिल्ह्यातील कोणताही गवंडी सांगेल. पण आक्षेप तेवढाच नाही. या साच्यात पाणी ही दुरून पाहावयाची वस्तू होते. बारव माणसाला उतरवते, कठडा त्याला थांबवतो. लोणारच्या बाबतीत थांबवणे इष्टच आहे, आणि म्हणून तेथे कठड्याचे समर्थन करता येईल. पण सिंदखेडराजाच्या तलावांवर आणि गावोगावच्या बारवांवर तोच कठडा तीच जाळी घेऊन येतो, तेव्हा जिवंत जागेचे प्रदर्शन होते. दोन भिन्न स्थळांना एकच औषध देण्याचा हा प्रकार आहे.

पॅट्रिक गेडिस यांचे स्मरण येथे अस्थानी होणार नाही. १९१९ पासून मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र शिकविणाऱ्या या स्कॉटिश नगररचनाकाराने आपल्या अहवालांत जुने तलाव बुजविण्यास विरोध केला होता आणि दुरुस्तीचा स्वस्त मार्ग सुचविला होता. इयन मॅकहार्ग यांचा ‘डिझाइन विथ नेचर’ हा १९६९ चा ग्रंथ आराखड्यापूर्वी माती, पाणी आणि उतार यांचे नकाशे एकावर एक ठेवून पाहावयास सांगतो. पाश्चात्त्य शास्त्राने ज्या गोष्टीला पद्धतीचे रूप दिले ती सिंदखेडराजाच्या कारागिरांनी अनुभवाने केली, असे म्हणून समाधान मानण्यात मात्र अर्थ नाही. पद्धत लिहून ठेवलेली असते म्हणून ती शिकविता येते. आपल्या बारवांचे व तलावांचे मोजमाप, उतार आणि पाणी येण्याचे मार्ग लिहून ठेवण्याचे काम बहुतांशी व्हावयाचे आहे.

महामार्गाच्या भरावासाठी लागणारी माती तलाव व नाल्यांतून काढून जलसाठा वाढविण्याचा ‘बुलढाणा पॅटर्न’ गेल्या काही वर्षांत गाजला. एका कामातून दुसरे साधण्याची ही कल्पना तलावबांधणीच्या जुन्या शहाणपणाशी जवळची आहे, आणि तिचे स्वागतच करावयास हवे. फक्त अशा कामात किती घनमीटर खोदले एवढेच मोजले जाते, काठाचा उतार मोजला जात नाही, असे झाले तर गुरांना पाण्यापर्यंत उतरता येत नाही आणि पोरासोरांना तो खड्डा धोक्याचा होतो. काठ उभा राखण्याऐवजी एका अंगाला टप्प्याटप्प्याने उतरता ठेवण्यासाठी तेच यंत्र, तोच चालक आणि काही अधिक तास पुरतात.

लोणारच्या आराखड्यासाठी मात्र पहिला नकाशा विवराचा नसून गावाचा असावयास हवा. धारेच्या वरच्या अंगाला वस्ती आहे. कोणत्या गल्लीचे सांडपाणी कोणत्या बाजूला वाहते, पावसाळ्यात काठावरून किती ओघळ आत उतरतात, आणि त्यांतील कोणता ओघळ विवराबाहेर वळविता येईल, हे त्या नकाशावर दाखविल्यानंतरच मनोऱ्याची जागा ठरवावी.