नाव देणे आणि नाम घेणे



आपण दिवसभर बोलतो. त्यातले नुसते सांगणे किती आणि प्रत्यक्ष करणे किती, याचा विचार ऑक्सफर्ड विद्यापीठाचे तत्त्वज्ञ जे. एल. ऑस्टिन यांनी केला. १९५५ साली अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात त्यांनी व्याख्याने दिली. त्यांच्या निधनानंतर, १९६२ मध्ये, त्यांचे पुस्तक निघाले. ‘हाऊ टू डू थिंग्ज विथ वर्ड्स’, म्हणजे शब्दांनी कामे कशी करावीत. नातवाने ते वाचून अर्थ सांगितला, त्यावरचे हे चिंतन.

आधी त्यांचे म्हणणे नीट मांडू. ‘पाऊस पडतो आहे’ हे वाक्य खरे असते किंवा खोटे. पण ‘या जहाजाला मी अमुक नाव देतो’ हे खरेही नाही, खोटेही नाही. बोलताच काम झाले. वचन, पैज, मृत्युपत्र यांचेही तसेच. मात्र अटी आहेत. माणूस अधिकारी हवा, प्रसंग योग्य हवा, विधी पुरा व्हावा. नेमणूक नसलेला कोणी पुढे घुसून जहाजाला नाव देऊ लागला, तर ते नाव लागत नाही.

मीमांसा शिकलेल्यांना हे ओळखीचे वाटेल. विधिवाक्य माहिती देत नाही, ऐकणाऱ्याला कर्माला लावते. त्या प्रेरणेला मीमांसक शाब्दी भावना म्हणतात. पण ‘आमच्याकडे हे होतेच’ म्हणून हात झटकू नयेत. मीमांसकांनी वेदवाक्य घेतले. ऑस्टिन यांनी घरातले, बाजारातले बोलणे घेतले. ते श्रेय त्यांचे.

सर्वांत मोलाचे वाटले ते वचनाविषयीचे. ‘जिभेने म्हटले, मनाने नव्हे’ ही पळवाट ते बंद करतात. असे म्हणणारा खोल विचारांचा वाटतो, पण त्याच आडोशाने लबाड निसटतो. आपण माळ आठवावी. ती घालताना वारी, एकादशी, मद्यमांसाचा त्याग आपण कबूल करतो. पुढे ‘तेव्हा मन तयार नव्हते’ म्हणून ते बंधन सुटत नाही.

आता मतभेद. नाटकात किंवा कवितेत उच्चारलेले असे शब्द पोकळ असतात, मूळ व्यवहारावर बांडगुळासारखे जगतात, असे म्हणून ऑस्टिन ते बाजूला ठेवतात. मग कीर्तनाचे काय? शरणागतीचा अभंग तुकोबांचा, तोंड माझे. हे सोंग की शरणागती? पडदा पडला की नट भूमिका उतरवतो आणि प्रेक्षक त्याला जाब विचारत नाहीत. नारदाच्या गादीवरून वैराग्य सांगणाऱ्याला मात्र गाव दुसऱ्या दिवशी पारावर जाब विचारते, आणि विचारावाच. टाळकरी तोच चरण उचलतात तेव्हा तो त्यांच्याही अंगावर येतो. शब्द उसना असला तरी त्याचे ओझे जो उचलतो, त्याचे ते कर्म होते. हशा आणि बिदागी एवढ्यावर जे कीर्तन संपते, त्याला मात्र ऑस्टिन यांचे ‘पोकळ’ हे विशेषण खुशाल लावावे.

दुसरा मतभेद अधिकाराचा. जहाजाला नाव देणे समाजाच्या मान्यतेवर चालते, म्हणून तिथे अधिकार लागतो. नाम घेण्याला तो लागत नाही. चोखोबांना देवळाची पायरी बंद होती, नाम बंद नव्हते. जनाबाईंनी ते जात्यावर घेतले. भागवताच्या सहाव्या स्कंधात अजामिळाने मरताना ‘नारायण’ म्हणून हाक मारली ती मुलाला. ना विधी, ना हेतू, तरी नामाने काम केले. विद्यापीठाच्या अटींत हे बसत नाही, आणि ऑस्टिन यांनी तसा दावाही केला नाही. त्यांचा विषय माणसामाणसांतला शब्द.

पण अजामिळाचा दाखला देऊन माणसांना दिलेला शब्द हलका करू नये. दिंडीच्या चालकाला ‘यंदा नक्की येतो’ म्हटलेत, की त्या शब्दावर तंबूतली जागा धरली जाते आणि शिधा भरला जातो. येणार नसाल तर आधी कळवा.

॥ रामकृष्णहरी ॥